तक्रार बंद झाली, आजार तसाच राहिला

मागच्या जुलैत ओपीडीत एक आई तिच्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलाला सिकलसेल आहे. फोलिक ॲसिड आणि हायड्रॉक्सियुरिया नेमाने चालू आहे, त्यामुळे वर्षभरात त्याला एकदाही भरती करावं लागलेलं नाही. तपासून झाल्यावर आईने पिशवीतून एक डबा काढून टेबलावर ठेवला. आत पिवळसर चूर्ण होतं, आणि डब्यावर लिहिलं होतं, ‘सिकलसेल ९० दिवसांत मुळापासून बरा’.

“सर, हे बराबर आहे ना जी? तुमच्याच साइटवर होतं.”

मी विचारलं, “कॅप्सूल चालू आहे का?”

“चालूच आहे जी. ते म्हणत होते बंद करा म्हणून. पण तुम्हाला विचारल्याबिगर नाही केली.”

डब्याची किंमत दोन हजार सातशे रुपये. तेंदूपत्त्याच्या हंगामात हाताशी आलेल्या पैशांतून तिने तो मागवला होता. माझ्या नावावर विश्वास ठेवून. आणि मी तर ते चूर्ण त्या दिवशी पहिल्यांदा पाहत होतो.

नेहमी मी इथे आजारांविषयी लिहितो. आजचा लेखही एका आजाराविषयीच आहे. फक्त रुग्ण माणूस नाही, एक व्यवस्था आहे.

पाटी माझी, दुकान दुसऱ्याचं

मी भामरागड तालुक्यात, हेमलकशाच्या आसपासच्या गावांत काम करतो. काही वर्षांपूर्वी मलेरिया, सर्पदंश, सिकलसेल आणि बाळंतपण या विषयांवर सोप्या मराठीत माहिती लिहून मी एक लहानसं संकेतस्थळ सुरू केलं. आशाताई, आश्रमशाळेतले शिक्षक, शिकायला बाहेर गेलेली मुलं ते वाचतात आणि घरच्यांना सांगतात.

अशा संकेतस्थळाला एक नाव लागतं, त्याला डोमेन म्हणतात. दवाखान्यावरच्या पाटीसारखं. पण ही पाटी आपल्या मालकीची होत नाही, ती ठरावीक मुदतीसाठी घ्यायची असते आणि मुदत संपण्याआधी पैसे भरून पुढे चालू ठेवायची असते. ही नोंदणी करून देणाऱ्या कंपनीला रजिस्ट्रार म्हणतात. पैसे भरले गेले नाहीत तर तुमचे लेख कुठेही जात नाहीत, पण पाटी उतरते. बऱ्याचदा त्याच पत्त्यावर कंपनी जाहिरातींचं पान लावते. वाचणाऱ्याला वाटतं, डॉक्टरांनीच लावलंय. माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं.

माझी चूक आधी सांगतो

संकेतस्थळ मला एका विद्यार्थ्याने बनवून दिलं. नोंदणी करताना त्याने स्वतःचा मोबाइल नंबर आणि कॉलेजचा ई-मेल दिला. पैसे मात्र दरवर्षी माझ्या कार्डावरून जात होते, म्हणून मी निश्चिंत होतो. पुढे मुलगा पास झाला, कॉलेजने ई-मेल बंद केला, त्याने नंबर बदलला. दरम्यान माझं कार्डही बदललं आणि आपोआप होणारा भरणा अडकला. कंपनीची आठवणपत्रं बंद पडलेल्या ई-मेलवर जात राहिली.

ही चूक माझी आहे. पण रुग्णाने औषध चुकवलं म्हणून आपण त्याला दारातून परत पाठवत नाही. चूक कुणाची हा प्रश्न नंतरचा. आधी नाडी बघायची असते.

तेवीस दिवसांची केस

कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही, कारण दुसऱ्या कंपन्यांच्या ग्राहकांकडूनही मी हीच कहाणी ऐकली आहे.

पहिल्या दिवशी मी चॅट उघडली. समोर यंत्र होतं. मी लिहिलं, ‘माझ्या आरोग्यविषयक संकेतस्थळावर खोट्या औषधाची जाहिरात दिसते आहे, रुग्णांना धोका आहे.’ उत्तर आलं: नवीन डोमेनवर सवलत हवी आहे का?

दुसऱ्या दिवशी माणूस मिळाला. तो म्हणाला, खात्यात लॉगिन करून पैसे भरा. लॉगिनसाठी ओटीपी हवा. ओटीपी जुन्या नंबरवर जाणार. तो नंबर आता कुणा अनोळखी माणसाकडे आहे, कारण बंद झालेले नंबर किमान ९० दिवस थांबून पुन्हा दुसऱ्याला दिले जातात. मी म्हटलं, नंबर बदलायचा आहे. तो म्हणाला, बदलता येईल, नोंदणीच्या ई-मेलवरून अर्ज पाठवा. मी म्हटलं, तो ई-मेल बंद झालाय. तो म्हणाला, मग ई-मेल बदला. त्यासाठी काय लागेल? जुन्या नंबरवर आलेला ओटीपी.

हा संवाद मी बनवलेला नाही. तीन वेगवेगळ्या माणसांशी तो तीनदा झाला.

सहाव्या दिवशी त्यांनी कागदपत्रं मागितली. त्याच रात्री पाऊस लागला. इकडे पर्लकोटा नदी पुलावर आली की भामरागडचा रस्ता बंद होतो. त्याच्या जोडीने वीज आणि नेटवर्कही गेलं. तीन दिवसांनी फोनला रेंज आली तेव्हा पहिला संदेश त्यांचा होता: ‘४८ तासांत आपला प्रतिसाद न आल्यामुळे आपली तक्रार निवारण झाली असे समजून बंद करण्यात येत आहे. आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल?’

नवी तक्रार, नवा क्रमांक, नवा माणूस, आणि पुन्हा पहिल्यापासून इतिहास. फोन केला तर पर्यायांची माळ, मग संगीत, मग लाइन तुटणार. लवकर उत्तर हवं असेल तर जादा पैशांची वेगळी सेवा होती, पण तीही घ्यायची खात्यात लॉगिन करूनच.

तेविसाव्या दिवशी, तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावाने लिहिलेल्या पत्रानंतर, एका बाईंचा फोन आला. त्यांनी माझं ओळखपत्र पाहिलं, मागच्या वर्षांच्या पावत्या कार्डाच्या तपशिलाशी ताडून पाहिल्या, त्या विद्यार्थ्याशी बोलून खात्री केली. वीस मिनिटांत काम झालं. पाटी परत आली.

त्या वीस मिनिटांनीच माझा राग वाढवला. उपाय होता, माणूस होता, अधिकार होता. फक्त त्या माणसापर्यंत रुग्णाला पोचू द्यायचं नाही, अशी सगळी रचना होती. आणि त्या तेवीस दिवसांत तो डबा विकला गेला.

इथे ऐकणं कसं शिकलं गेलं

२३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी हेमलकशात लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे इथे आले तेव्हा वीज नव्हती, धड रस्ता नव्हता, आणि माडिया रुग्णांची भाषा त्यांना येत नव्हती. रुग्णाने मराठी शिकून यावं, ठरलेल्या नमुन्यात दुखणं सांगावं, अशी अट त्यांनी घातली नाही. ते स्वतः माडिया शिकले. आता त्याला पन्नास वर्षं उलटून गेली.

वैद्यकीत याला मोठेपणा म्हणत नाहीत, हे कामाचं पहिलं पाऊल आहे. आधी ऐकायचं, मग त्यातला जास्त धोक्याचा रुग्ण ओळखून त्याला पुढे घ्यायचं. पोटात दुखतंय म्हणणारे दहा जण बाकावर बसलेले असतात, त्यात एकाचं आतडं फुटलेलं असतं. दहाही जणांना सारखाच नंबर देऊन ‘२४ ते ४८ तास थांबा’ म्हणणारा दवाखाना एक दिवसही चालू देऊ नये. मग फसव्या औषधाची तक्रार आणि बिलावरच्या स्पेलिंगची तक्रार एकाच रांगेत उभी करणाऱ्या व्यवस्थेला आपण ‘सपोर्ट’ का म्हणतो?

‘सुरक्षेसाठी हे गरजेचं आहे’

हा त्यांचा युक्तिवाद, आणि तो खोटा नाही. गोड बोलून, खोटी कागदपत्रं दाखवून दुसऱ्याचं डोमेन पळवणारे चोर असतात. उद्या कुणी माझ्या नावाने फोन करून पाटी घेऊन गेला तर मीच बोंब मारीन. म्हणून कडक तपासणी हवीच.

पण तपासणी करणं आणि तपासणी टाळणं यांत फरक आहे. ओळखपत्र बघा, पावत्या ताडा, दोन दिवस घ्या, हवं तर चार घ्या. हरवलेली किल्ली आणा म्हणजे कुलूप बदलून देतो, ही सुरक्षा नव्हे. शिवाय खरा मालक कोण हे ठरत नाही तोवर त्या पत्त्यावर जाहिराती लावून पैसे कमवणं कोणत्या सुरक्षेत बसतं? पान कोरं ठेवता आलं असतं.

दुसरा युक्तिवाद स्वस्ताईचा. वर्षाला हजार-बाराशे रुपयांत माणसं कशी नेमणार? तर मग पहिल्या वर्षी ९९ रुपयांना डोमेन देऊ नका. चिठ्ठीचे पैसे घेतले की रुग्ण तुमचा झाला.

नियम काय सांगतात

डॉटकॉमसारख्या नावांचा जागतिक कारभार १९९८ मध्ये स्थापन झालेली आयकॅन ही संस्था पाहते. तिच्या नियमांनुसार रजिस्ट्रारने मुदत संपण्याआधी साधारण एक महिना आणि एक आठवडा अशा दोन आठवणी द्यायच्या असतात, आणि संपल्यावर पाच दिवसांच्या आत तिसरी. मुदत संपल्यावर जास्तीत जास्त ४५ दिवस नेहमीच्या दराने नूतनीकरण होऊ शकतं, काही कंपन्या त्याहून कमी दिवस देतात. नंतर सोडवणुकीचे ३० दिवस, तेव्हा मोठा दंड भरावा लागतो. त्यानंतर पाच दिवसांनी नाव कुणालाही घ्यायला मोकळं होतं. म्हणजे माझ्या तेवीस दिवसांत अर्धी मुदत नुसती संवादात गेली होती.

पण आयकॅनकडे ‘कंपनी माझं ऐकत नाही’ अशी तक्रार केली तर ती घेतली जात नाही. ग्राहकसेवेचा दर्जा आपल्या अधिकारात येत नाही, असं ती संस्था सांगते. आठवणपत्र पाठवणं सक्तीचं आहे, ते कुणाला मिळालं का हे विचारणं नाही. कागदावर माझी कंपनी निर्दोष आहे.

आपल्याकडचा कायदा जास्त कामाचा आहे. २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे ऑनलाइन विक्री करणाऱ्या संस्थेने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, त्याचं नाव आणि संपर्क जाहीर करायचा, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचं. ‘निवारण’ म्हणजे ‘बंद’ नव्हे, हे मात्र कुणीतरी कंपन्यांना शिकवायला हवं.

मागणी

आपल्या रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी डॉट बँक डॉट इन हे राखीव नाव आणलं आणि ऑक्टोबर २०२५ अखेर बँकांना तिकडे जायला सांगितलं. पत्ता बघूनच ग्राहकाला कळावं की ही खरी बँक आहे. चांगली गोष्ट आहे. मग माणसाच्या पैशाला मिळालेलं संरक्षण त्याच्या जिवाला का नाही? दवाखाने आणि आरोग्यमाहितीसाठी असंच राखीव, पडताळलेलं नाव हवं. डॉट इन नावांचा कारभार निक्सी ही आपल्याच देशातली संस्था पाहते, त्यामुळे हे अशक्य नाही.

ते होईपर्यंत रजिस्ट्रारांनी एवढं तरी करावं: ‘लोकांच्या आरोग्याला धोका’ अशी वेगळी, माणसाने हाताळायची तक्रारीची वाट ठेवावी. मालकीचा वाद असेपर्यंत जाहिराती उतरवाव्यात. आणि उत्तर आलं नाही म्हणून तक्रार बंद करू नये. आमच्याकडे रुग्ण पुन्हा आला नाही की आशाताई त्याच्या घरी जाते. तो बरा झाला असं आम्ही लिहून टाकत नाही.

तुम्ही काय करावं

ज्यांचं स्वतःचं संकेतस्थळ आहे त्यांनी आजच बघावं: नोंदणी कुणाच्या नावावर, कोणत्या ई-मेलवर आणि नंबरवर आहे. ती स्वतःच्या नावावर करून घ्यावी. शक्य तितक्या वर्षांचे पैसे आधीच भरावेत. मुदतीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी. कंपनी दाद देत नसेल तर तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवावं, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करावी.

आणि माझ्या रुग्णांनो, तुमच्यासाठी तीन गोष्टी. मी कधीही इंटरनेटवरून औषध विकत नाही, विकणार नाही. माझ्या नावाखाली कुणी विकत असेल तर तो मी नव्हे. दुसरं, सिकलसेल कोणत्याही चूर्णाने बरा होत नाही. चालू असलेली कॅप्सूल समोरासमोर विचारल्याशिवाय थांबवू नका. तिसरं, सिकलसेल असलेल्या मुलाला १०१ अंशांच्या वर ताप, छातीत दुखणं, धाप लागणं, एकाएकी पांढरं पडणं किंवा हातापायातली ताकद जाणं, यांतलं काहीही झालं तर मोबाइल बघत बसू नका, मुलाला घेऊन निघा. गाडीसाठी १०८ लावा.

तो डबा माझ्या कपाटात आहे. त्या आईला तिचे दोन हजार सातशे रुपये कुणी परत दिलेले नाहीत. कंपनीच्या नोंदीत मात्र माझी पहिली तक्रार आजही ‘निवारण झाले’ अशीच आहे. त्या मुलाच्या कॅप्सूल थांबल्या नाहीत, कारण त्याच्या आईने पडद्यावरच्या माझ्या नावापेक्षा मला विचारण्यावर जास्त विश्वास ठेवला. पुढच्या वेळी असं होईलच, अशी खात्री मी देऊ शकत नाही.