उसन्या आवाजांचे पाळणाघर

27 एप्रिल 2021 रोजी, करोनाच्या दुसऱ्या लाटेत सारा महाराष्ट्र प्राणवायूच्या टाक्यांमागे धावत असताना, हैदराबादच्या रामोजी समूहाने ‘ईटीव्ही बालभारत’ या नावाने मुलांसाठी वाहिन्यांचा एक अख्खा संचच सुरू केला. इंग्रजी धरून 12 भाषा, आणि त्यांत एक मराठी. शाळांना वर्षभर कुलूप होते, मैदाने ओस पडली होती, आईबाप जिवाच्या धास्तीने अर्धमेले झाले होते. अशा काळात चार भिंतींत कोंडलेल्या मुलाला त्याच्या भाषेत बोलणारी वाहिनी मिळाली. या घटनेच्या स्वागताचे दोन शब्द किंवा टीकेचे चार शब्द आपल्या साहित्य-संस्कृतीच्या धुरीणांपैकी कोणी उच्चारल्याचे आम्हाला तरी स्मरत नाही. संमेलनाध्यक्ष कोण व्हावा यावर पानेच्या पाने खर्ची घालणाऱ्या या राज्याला आपली मुले रोज संध्याकाळी काय पाहतात याची चौकशी करण्याइतकीही सवड झाली नाही.

आम्ही येथे त्या खासगी समूहाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायला निघालेलो नाही. व्यापाऱ्याने व्यापार केला. अभिमन्यू नावाचा बालयोद्धा आणि बोधकथा हा देशी माल. ब्रिटनच्या चित्रकथांतला खोडकर डेनिस आणि त्याचा कुत्रा नॅशर हा विदेशी माल. चित्र सगळीकडे तेच, आवाज तेवढा प्रांतागणिक निराळा. ॲनिमेशनचा एक भाग घडवायला चित्रकारांचा ताफा आणि महिन्यांचे कष्ट लागतात. त्यावर दुसऱ्या भाषेचा आवाज चढवायला एक बंद खोली, एक माईक आणि चार-दोन कलावंत पुरतात. हे गणित कोणत्याही शहाण्या व्यापाऱ्याला कळते. परंतु 2011 च्या जनगणनेप्रमाणे 8 कोटी 30 लाखांची मातृभाषा असलेल्या मराठीच्या, दादासाहेब फाळक्यांच्या नावाने उठताबसता छाती फुगवणाऱ्या, त्यांच्याच नावाची चित्रनगरी गोरेगावात थाटून बसलेल्या या भूमीला आपल्या लेकरांसाठी स्वतःचे चित्र काढावे, स्वतःची गोष्ट सांगावी, असे पाव शतकात एकदाही का वाटले नाही? मराठी मुलाच्या वाट्याला परक्या ओठांवर बसवलेले मराठी आले, आणि तेही हैदराबादेहून आले. याची लाज वाटली पाहिजे.

पाव शतक हा शब्द आम्ही तोलूनमापून वापरतो आहोत. कार्टून नेटवर्क भारतात आले ते 1995 साली. त्यानंतर पोगो आली, हंगामा आली, डिस्ने आली. दक्षिणेतल्या सन समूहाने 2007 मध्ये तमिळ मुलांसाठी ‘चुट्टी’ काढली, त्यापाठोपाठ तेलुगूसाठी ‘खुशी’, कन्नडसाठी ‘चिंटू’ आणि मल्याळमसाठी ‘कोचू’. म्हणजे 2011 पर्यंत दक्षिणेच्या चारही मोठ्या भाषांतील मुलांना आपल्या नावाची, आपल्या भाषेची वाहिनी मिळाली होती. त्या काळात महाराष्ट्रातले मूल काय पाहत होते? डोरेमॉन हिंदीत. शिनचॅन हिंदीत. छोटा भीम हिंदीत. ‘मोटू पतलू’ तर मुंबईच्या स्टुडिओत घडलेली मालिका. ती जन्माला आली मराठी माणसाच्या राजधानीत आणि बोलली हिंदी. कोणी म्हणेल, आता काही वाहिन्यांवर मराठी ध्वनिपट्टीची सोय आहे. असेल. रिमोटच्या कोणत्या बटणाआड ती दडली आहे हे किती घरांत ठाऊक आहे, ते ज्याने त्याने आपल्या घरी तपासावे.

बांगलादेशाने 2013 साली काय केले, ते येथे आठवणे भाग आहे. हिंदी डोरेमॉन पाहून ढाक्यातली मुले घरात हिंदी बोलू लागली, भाषेसाठी 1952 साली रक्त सांडलेल्या त्या देशाला ते सहन झाले नाही, आणि सरकारने ते प्रक्षेपण बंद पाडले. बंदी हा आमच्या मते उपाय नव्हे; मुलाच्या हातातले खेळणे हिसकावून भाषा जगत नाही. पण त्या चिमुकल्या देशाला निदान दुखले. आपल्याला दुखतसुद्धा नाही.

उलट आपला अभिमान कसा उतू जातो! 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा ढोल वाजले, पेढे वाटले गेले, फलकांवर पुढाऱ्यांच्या चेहऱ्यांनी मराठीच्या अक्षरांहून मोठी जागा घेतली. 16 एप्रिल 2025 च्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी आणू पाहिली, तेव्हा अवघा महाराष्ट्र पेटून उठला आणि 29 जूनला सरकारला माघार घ्यावी लागली. तो संताप न्याय्य होता, आणि त्यात आम्हीही सामील होतो. पण सहा वर्षांच्या मुलावर शाळेत हिंदी लादू नका म्हणून रस्त्यावर उतरलेल्या किती आईबापांनी त्याच सहा वर्षांच्या मुलाला, जेवताना त्रास नको म्हणून, तीन वर्षांचे असल्यापासून हिंदी कार्टूनपुढे बसवले होते? शाळेतल्या आठवड्याच्या चार तासांसाठी मोर्चा, आणि घरातल्या रोजच्या तीन तासांना मूक संमती! (या वाक्यावर काही वाचक रागावतील. त्यांनी जरूर रागवावे, आणि मग टीव्हीकडे पाहावे.)

तथापि आईबापांचा दोष लहान, राज्यकर्त्यांचा अपराध मोठा. प्रसार भारतीच्या 1990 च्या कायद्यात बालकांच्या हितरक्षणासाठी विशेष उपाय योजणे हे सार्वजनिक प्रसारणाचे कर्तव्य म्हणून लिहून ठेवलेले आहे. त्या कर्तव्याचे पुढे काय झाले? दूरदर्शनने खेळांसाठी वाहिनी काढली, शेतकऱ्यांसाठी काढली, उर्दूसाठी काढली. या देशातल्या मुलांना निखळ आनंद देणारी, त्यांच्या कल्पनेला पंख देणारी वाहिनी मात्र काढली नाही. मुलांसाठी काढले ते वर्ग. 2020 मध्ये ‘पीएम ई-विद्या’च्या नावाने प्रत्येक इयत्तेला एक अशा 12 वाहिन्यांची घोषणा झाली, आणि 2022 च्या अर्थसंकल्पात त्या 200 वर नेण्याची. त्यांचा उपयोग आम्ही नाकारत नाही. पण फळा, खडू आणि छडी वगळून मुलाशी दुसरे काही बोलताच येत नाही, असे ज्या व्यवस्थेला वाटते, तिने मूल कधी पाहिलेलेच नाही. आणि त्याच 2022 साली, 1955 पासून मुलांसाठी चित्रपट काढणारी बालचित्र समिती, जिचे मुख्यालय मुंबईत होते, ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या पोटात ढकलून देण्यात आली. दोनशे वर्ग उघडले, आणि मुलांचे एकुलते एक चित्रघर मोडले.

हे सारे अज्ञानातून घडले असते तर क्षमा करता आली असती. पण हा देश अज्ञानी नव्हता. 1 ऑगस्ट 1975 रोजी अमेरिकेचा उपग्रह वर्षभरासाठी उसना घेऊन भारताने सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचवली. विक्रम साराभाईंनी पाहिलेल्या त्या स्वप्नात सकाळचे प्रक्षेपण राखून ठेवले होते ते खेड्यातल्या शाळकरी मुलांसाठी. तेव्हा उपग्रह उसना होता आणि कार्यक्रम आपले होते. आज उपग्रह आपले आहेत. महाराष्ट्रातही मुंबई दूरदर्शनवर मुलांसाठी ‘किलबिल’ होती. पुढे पडद्यावर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे सायकल दामटत आला, ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आला. तुटपुंज्या पैशांत, कापडी पडद्यांसमोर, पण मुलाला माणूस समजून केलेले ते काम होते. महाराष्ट्र शासनाच्या बालभारतीने 1971 साली ‘किशोर’ मासिक सुरू केले आणि अर्धशतक चालवून दाखवले. अगदी परवा, 2020 च्या जुलैत, शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका आली आणि पाठ्यपुस्तकातला धडा घरात, अंगणात, हाताने काहीतरी करत शिकता येतो हे तिने सिद्ध केले. म्हणजे माणसे आहेत. कसब आहे. वाहिनी आहे. शाळा उघडल्या, आणि सरकारच्या लेखी मूल संपले.

राज्याने सोडलेली जागा रिकामी राहत नाही. तेथे बाजार येऊन बसतो. कोणत्याही बालवाहिनीपुढे अर्धा तास बसून पाहा. नायक दुष्टाला बुक्की मारतो न मारतो तोच दुधात घालायची पूड येते, जिने उंची वाढते म्हणे. मग चिप्सचे पाकीट, मग पाकिटातले खेळणे, मग तोच नायक दप्तरावर, डब्यावर, पाण्याच्या बाटलीवर, आणि मग पुन्हा बुक्की. केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून 2022 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि मुलांच्या वाहिन्यांवर चिप्स, शीतपेये आणि तत्सम निकस खाद्यांची जाहिरात करू नये असे त्यांत स्पष्ट लिहिले. लिहिले. पण निकस म्हणजे नेमके काय, किती साखर, किती मीठ, याची काटेकोर व्याख्या करण्याचे धैर्य झाले नाही, आणि व्याख्येविना निघालेल्या मनाईतून पळवाट शोधायला महागडा वकीलही लागत नाही. क्यूबेक प्रांताने 1980 पासून तेरा वर्षांखालील मुलांना उद्देशून जाहिरात करण्यासच बंदी घातली आहे. ब्रिटनमध्ये सीबीबीज ही बालवाहिनी 2002 पासून एकाही जाहिरातीवाचून चालते. आणि आपल्या मराठी मनोरंजन वाहिन्यांचे बालप्रेम? आठ वर्षांच्या मुलीला नऊवारी नेसवून शृंगाराची लावणी गायला लावायची, परीक्षकांनी डोळे टिपायचे, घरोघरी मोठ्यांनी ‘काय गोड आहे’ म्हणायचे. तो मुलांचा कार्यक्रम नव्हे. तो मुलांचा वापर आहे.

याची किंमत कोण मोजतो, तेही सांगितले पाहिजे. पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू घरातल्या मुलाला नाट्यशिबिर आहे, वाचनालय आहे, उन्हाळ्यात सह्याद्रीतली भटकंती आहे. टीव्ही त्याच्या आयुष्याचा एक कोपरा आहे. पण बीडमधून ऊसतोडीला गेलेल्या आईबापांमागे आजीजवळ राहिलेल्या पोराला, इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या खडखडाटात एका खोलीत वाढणाऱ्या पोरीला, पडदा हाच मामाचा गाव आहे. त्यांच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन पाहा. ‘डिजिटल शाळा’ म्हणून भिंतीवर रंगवलेले असते. लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही मुख्याध्यापकांच्या खोलीत, जुन्या टेबलक्लॉथखाली झाकून ठेवलेला असतो. विजेचे बिल थकल्यामुळे मीटर कापलेले असते, आणि पाहुणे येणार असतील त्या दिवशी शेजारच्या घरातून वायर ओढली जाते. घरी परतलेले ते मूल मग पाच इंचांच्या फोनवर, जे पुढे सरकेल ते, पाहत बसते. त्याच्या पडद्यावर त्याचा ऊस नाही, त्याची आजी नाही, त्याची बोली तर नाहीच नाही. बीडचे असो, गडचिरोलीचे असो वा सावंतवाडीचे, आपल्यासारखे बोलणारे, आपल्यासारखे दिसणारे पोर गोष्टीचा नायक होऊ शकते, हे त्याला कोणी कधी दाखवलेले नाही. ही उपेक्षा नव्हे, हे वंचन आहे. आणि ते करणारे हात प्रतिष्ठितांचे आहेत.

म्हणून आता समित्या नकोत, अभ्यासगट नकोत. दररोज संध्याकाळी सहा ते सात हा तास सह्याद्री वाहिनीवर मुलांसाठी राखून ठेवा, जाहिरातीवाचून. ‘किशोर’च्या पन्नासहून अधिक वर्षांच्या अंकांत गोष्टींचा खजिना पडून आहे, लेखकांचे आणि चित्रकारांचे हक्क रीतसर मोजून तो पडद्यावर आणा. चित्रनगरीतला एक मजला मराठी ॲनिमेशन शिकणाऱ्या आणि करणाऱ्या तरुणांना द्या. आठवड्यातून एक गोष्ट अहिराणीत, एक मालवणीत, एक वऱ्हाडीत, एक गोंडीत होऊ द्या. पैसे नाहीत हे उत्तर ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत आम्ही नाही. मंत्र्यांच्या छायाचित्रांसह पानभर जाहिराती देणाऱ्या सरकारकडे दिवसातल्या एका तासाचे पैसे असतात. येत्या 27 फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या प्रतिमेला हार घालताना मुख्यमंत्र्यांनी, सांस्कृतिक कार्यमंत्र्यांनी आणि प्रसार भारतीच्या कारभाऱ्यांनी भाषणे करू नयेत. हा तास कधी सुरू होणार, एवढेच सांगावे.

तारीख सांगा.