पाठीवरचे बिऱ्हाड आणि मुले



गेल्या पंधरवड्यात रविवारची मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक भगिनी आमच्यापाशी येऊन उभी राहिली. तिच्या यजमानांनी एक जुना टेंपो घेतला आहे. त्यात चूल, भांडी व अंथरुणे घालून तिन्ही मुलांसह पंधरा दिवसांच्या प्रवासास निघावे, असे त्यांच्या मनाने घेतले आहे. कुंभारवाड्याहून अणशीचा घाट उतरून कद्रामार्गे कारवार, तेथून काणकोण व मडगाव करीत जुने गोवे, आणि पुढे सावंतवाडी-मालवणपर्यंत. वाटेत कोठे चर्चच्या आवारात, तर कोठे नातलगांच्या अंगणात मुक्काम. भगिनीचे म्हणणे असे, की मुलांची शाळा बुडेल, धाकटी आजारी पडेल, आणि घर सोडून रस्त्यावर शिजवून खाणे हे शहाण्या माणसांचे लक्षण नव्हे. “फादर, तुम्हीच ह्यांस दोन शब्द सांगा,” असे म्हणून तिने आमच्यावर भार टाकला.

यजमानांच्या डोक्यात हे खूळ कोठून शिरले, याचाही उलगडा तिने केला. तिचा भाऊ ऑस्ट्रेलियात नोकरीस आहे. तिकडची कुटुंबे मोटारीमागे चाकांचे घर जोडून मुलाबाळांसह साऱ्या खंडाची प्रदक्षिणा करतात, त्यांची चित्रे त्याने मोबाईलवर पाठविली होती. ती आम्हीही पाहिली. तंबूपुढे एक मुलगा बटाटे सोलीत बसला आहे, एक मुलगी दोरीवर कपडे वाळत घालीत आहे, आणि मागे क्षितिजापर्यंत तांबडी माती. झाड म्हणून नाही.

ही प्रदक्षिणा लहानसहान नव्हे. खंडाच्या कडेकडेने जाणारा तेथील पहिल्या क्रमांकाचा महामार्ग सुमारे १४,५०० किलोमीटर लांबीचा आहे. १९२५ साली नेव्हिल वेस्टवुड नावाच्या तरुणाने एका लहानशा सिट्रोएन मोटारीतून ही फेरी प्रथम पुरी केली, तेव्हा पुष्कळ ठिकाणी रस्ता असा नव्हताच. आज सर्वत्र डांबर आहे, तरी कुटुंबे सहा महिने, कधी वर्षभर वाटेवर असतात. दक्षिणेस नलारबोर नावाचे विस्तीर्ण माळरान लागते. आम्ही सेमिनरीत लॅटिन शिकताना पुष्कळ मार खाल्ला, त्याचा उपयोग आज झाला: ह्या नावाचा अर्थ ‘एकही झाड नाही’ असाच होतो. तेथे रस्ता एके ठिकाणी सुमारे १४६ किलोमीटर एकही वळण न घेता सरळ जातो. अणशी घाटातील आमच्या वाचकांस ही गोष्ट खरी वाटणार नाही. वायव्येस ब्रूम शहराच्या उत्तरेला बीगल बे येथे पॅलोटाईन संघाच्या धर्मबंधूंनी व तेथील आदिवासींनी मिळून बांधलेले, १९१८ साली पुरे झालेले एक चर्च आहे. त्याची वेदी समुद्रातील शिंपल्यांच्या चकाकत्या मोत्यांच्या थराने मढविलेली आहे. प्रदक्षिणेस निघालेली कुटुंबे मुद्दाम वाट वाकडी करून तेथे जातात. आम्हांस जावयास मिळाले तर आम्हीही जाऊ. पण बिशपसाहेब रजा देतील असे दिसत नाही.

मुलांच्या शाळेचे तेथे काय करतात, हा त्या भगिनीचा प्रश्न मात्र रास्त होता. दूरदूरच्या मळ्यांवरील मुलांसाठी १९५१ साली अ‍ॅलिस स्प्रिंग्ज येथे बिनतारी यंत्रावरून शाळा सुरू झाली. शिक्षिका शहरात बसून बोलत, आणि शेकडो मैलांवरचे मूल आपल्या घरातून उत्तर देई. आज तेच काम इंटरनेटवरून होते. फिरत्या कुटुंबांची मुलेही दूरशिक्षणाचे पाठ घेतात. सकाळी दोन तास आई किंवा बाप शिकविणार, मग गाडी हालणार, असा पुष्कळांचा नेम असतो. ज्या घरी हा नेम मोडतो, तेथे शाळाही बुडते आणि प्रवासही कंटाळवाणा होतो, हे सांगावयास तिकडच्या तज्ज्ञाची गरज नाही.

परंतु आम्ही त्या भगिनीस म्हटले, “बाई, इतक्या दूरची चित्रे कशाला? माघ महिन्यात आपल्या दाराजवळून काय जाते, ते तू कधी पाहिले नाहीस काय?”

आपल्या जोयडा तालुक्यातच उळवी आहे. बसवेश्वरांचे भाचे चन्नबसवेश्वर बाराव्या शतकात कल्याणच्या उत्पातानंतर आपल्या अनुयायांसह ह्या अरण्यात आले व तेथेच त्यांची समाधी आहे, अशी लिंगायत बंधूंची श्रद्धा आहे. रथसप्तमीच्या सुमारास जत्रा सुरू होते आणि माघी पौर्णिमेच्या सुमारास महारथ ओढतात. धारवाड, बेळगाव, गदग, हावेरी, बागलकोट अशा जिल्ह्यांतून त्यासाठी माणसे येतात. आज बस आहे, मोटार आहे. तरीही शेकडो कुटुंबे हट्टाने बैलगाडीनेच येतात. धारवाडहून दांडेलीमार्गे उळवी शंभर किलोमीटरच्या आसपास पडते. बैलाच्या पावलाने जाण्यास चार दिवस, येण्यास चार दिवस, आणि आणखी दुरून येणाऱ्यांस त्याहून अधिक.

ह्या गाड्यांस तिकडे चक्कडी म्हणतात. बैलांच्या अंगावर झुली, गळ्यांत घुंगुरमाळा, वर तट्ट्यांचे छप्पर, मागे कडब्याच्या पेंढ्या. आत आजी, सून, दोन-तीन मुले आणि शिदोरीची गाठोडी: ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगांची चटणी, कारळ्याची चटणी, लाडू. कडक भाकरी पंधरा दिवस टिकते, हे ज्या गृहिणीने प्रथम शोधून काढले तिचे उपकार प्रवाशांनी मानावेत. पहाटे जुंपतात, उन्हे चढली की पाण्याच्या कडेला सोडतात, बैलांस पाजतात, तिसऱ्या प्रहरी पुन्हा जुंपतात. रात्री मुले गाडीखाली निजतात. व्याघ्रप्रकल्पाचे हे अरण्य, आणि दिवस पानगळीचे. म्हणून चूल विझवून तीवर पाणी ओतल्याखेरीज कोणी उठत नाही. निदान शहाणे उठत नाहीत.

आम्ही ह्या गाड्या कित्येक वर्षे कौतुकाने, पण दुरून पाहत होतो. एका वर्षी त्यांच्याशी जवळून गाठ पडली. ती हकीकत सांगतो.

जत्रा उलगली होती. एका आजारी मनुष्यास पवित्र कम्युनियन देऊन आम्ही मोटारसायकलीवरून परतत होतो. दुपारचे दोन वाजले असतील. रस्त्याच्या कडेने सहा-सात वर्षांचा एक मुलगा एकटाच चालला होता. पायांत वहाणा नव्हत्या. छातीशी दोन्ही हातांनी त्याने बांबूचा एक काळा नळा धरला होता. आम्ही थांबलो. तो रडत नव्हता. मात्र आम्हांस पाहून त्याने तो नळा पाठीमागे लपविला. आमचे कानडी मोडकेतोडके. त्याच्या तोंडून एवढे कळले, की नळ्यात गाडीच्या आखाचे वंगण आहे, ते सांभाळण्याचे काम त्याचे आहे, आणि सकाळच्या मुक्कामावर तो झाडाला टांगलेलाच राहिला म्हणून तो आणावयास परत गेला होता. कोणास सांगितले होते काय? नाही. सांगितले असते तर काका रागावला असता.

आम्ही त्यास पुढे बसवून निघालो. पाऊण तासाने तीन गाड्या भेटल्या. त्या एकाच घरच्या होत्या, आणि त्या घरास अद्याप काही ठाऊकच नव्हते! बापास वाटत होते, पोर थोरल्या भावाच्या गाडीत आहे. भाऊ समजत होता, आजीच्या गाडीत आहे. आजी तर झोपी गेली होती. मुलगा उतरला तशी आई प्रथम हसली, मग आमच्याकडे, मग मोटारसायकलीकडे पाहिले, आणि खाली बसली. चुलत्याने हात उगारला. तेव्हा आजीने, वय सत्तरीच्या पुढचे असेल, मध्ये पडून त्यालाच बोलून घेतले. ती जे बोलली त्याचा भावार्थ असा: त्याने आपले काम केले, मोजण्याचे काम तुमचे होते, ते कोणी केले?

ह्या प्रसंगी आम्हांस संत लूकच्या शुभवर्तमानातील ती वाट आठवणे साहजिक होते. वल्हांडणाचा सण करून नासरेथकडे परतणारा जथा, बारा वर्षांचा येशू मागे राहिलेला, आणि तो नातलगांत असेल असे समजून मरिया व योसेफ दिवसभराची मजल चालून गेलेली. ती वाटही तीन-चार दिवसांचीच होती. उळवीच्या वाटेहून फार लांब नव्हे. प्रवचनात आम्ही ह्या भागावर पुष्कळदा बोललो आहोत, पण मंदिरातील संवादावर. त्या पहिल्या दिवसाच्या मजलीवर नव्हे. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला उभे असता प्रथमच आमच्या ध्यानात आले, की ते दोघे निष्काळजी नव्हते. जथ्यात सारी आपलीच माणसे असतात, आणि म्हणूनच प्रत्येकजण मुलास दुसऱ्यापाशी धरून चालतो. एकट्या कुटुंबात मूल हरवणे कठीण. मोठ्या गोतावळ्यात सोपे.

पुन्हा जुंपण्यापूर्वी आजीने सगळी पोरे रांगेत उभी केली. आकड्याने नव्हे, एकेकाचे नाव घेऊन तिने मोजणी केली, आणि प्रत्येकाने आपल्यापाशी काय आहे ते दाखविले. एकीपाशी तांब्या, एकापाशी कंदील, एकापाशी बैलांच्या जास्तीच्या वेसणी. आमचा सोबती शेवटी उभा होता. त्याचा नळा आता सुतळीने कमरेला बांधला होता.

तेव्हा त्या भगिनीस आम्ही यजमानांविरुद्ध दोन शब्द सांगितले नाहीत. उलट तिच्याकडूनच काही गोष्टी कबूल करून घेतल्या. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचा सण ३ डिसेंबरला आणि नोव्हेना २४ नोव्हेंबरपासून, म्हणजे ऐन शाळेच्या दिवसांत येते. त्या गर्दीत टेंपो नेऊन उभा करणे आम्हांस पसंत नाही. सवडीने, नाताळच्या सुट्टीस जोडून जावे. चार दिवस अधिक लागलेच तर मास्तरांस अगोदर भेटून पाठ मागून घ्यावेत व ते सकाळी, गाडी हालण्यापूर्वी व्हावेत. धाकटीस पाणी उकळून द्यावे. तापाचे औषध जवळ असावे. आणि टेंपो सुरू करण्यापूर्वी नावे घ्यावीत, प्रत्येक वेळी, चहासाठी दोन मिनिटे थांबला असला तरी.

तिला हे सारे मान्य झाले. फक्त कामांच्या वाटणीवर घोडे अडले. थोरल्याकडे दोर आणि ताडपत्री, मधल्याकडे कंदील व हिशेबाची वही, हे चटकन ठरले. पण धाकटी पाच वर्षांची. काडेपेटी तिच्याकडे द्यावी असे यजमान म्हणाले, तेव्हा आम्ही दोघांनीही त्यांच्याकडे पाहिले. बऱ्याच खलानंतर पाण्याच्या कॅनचे टोपण तिच्याकडे देण्याचे ठरले. कॅन तिला उचलत नाही.