निदान लवकर, पण औषध कुठे?

गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात एखादा तरुण घुमा होतो, त्याची झोप उडते, नसलेले आवाज ऐकू येऊ लागतात, तेव्हा घरचे अनेकदा आधी पुजाऱ्याकडे धाव घेतात. सायकोसिस हा विकार प्रामुख्याने किशोरवयाच्या अखेरीस वा विशीत डोके वर काढतो. उपचारांस जितका विलंब, तितके सावरणे कठीण.

गावातील व्यक्तीने रोग ओळखणे या भूमीला नवे नाही. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने घडविलेल्या आरोग्यदूतांनी ३९ गावांत नवजात बालमृत्यू निम्म्याहून अधिक घटविले. १९९९मध्ये 'लॅन्सेट'ने ते प्रसिद्ध केले. मात्र त्यांच्या हाती प्रतिजैविकही होते. सायकोसिसमध्ये औषध डॉक्टरांनीच ठरवावे लागते. सातारा, गोवा व तामिळनाडूतील स्किझोफ्रेनियाच्या अभ्यासात (२०१४) गावपातळीवरील कार्यकर्त्यांचा उपयोग दिसला, तोही डॉक्टरी उपचारांच्या जोडीनेच.

म्हणूनच स्वयंसेवी संस्थांवर रुग्ण हेरण्याची जबाबदारी सोपविताना शासनाने तालुक्यापर्यंत मनोविकारतज्ज्ञाची नियमित फेरी आणि औषधांचा अखंड पुरवठा यांची हमी द्यावी. अन्यथा लवकर ओळख पटूनही त्या तरुणाच्या पदरी केवळ 'वेडा' हा शिक्का पडेल.