पाळीव सशांवरून होणाऱ्या शेजारतंट्यांबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त,
कोल्हापूर महानगरपालिका, कोल्हापूर

प्रत माहितीसाठी व योग्य कार्यवाहीसाठी :
मा. पोलिस अधीक्षक, कोल्हापूर
मा. जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्त, कोल्हापूर

विषय : पाळलेले ससे शेजारच्या बागेत शिरल्याने होणारे नुकसान व त्यावरून वाढणारी भांडणे मिटवण्यासाठी विभागीय कार्यालयांत व्यवस्था करणेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे नागरिक टाकाळा, राजारामपुरी, रुईकर कॉलनी व सानेगुरुजी वसाहत या भागांतले रहिवासी आहोत. आमच्यापैकी काहींच्या घरी ससे आहेत, तर काहींच्या परसात गुलाब, शेवंती आणि मेथी-पालकाचे वाफे आहेत. हे निवेदन दोन्ही बाजूंनी एकत्र बसून लिहिले आहे. ससे पाळण्यावर बंदी घालावी असे आमच्यातल्या बागवाल्यांचेही म्हणणे नाही.

कोल्हापूरकरांना बागेचा किती सोस आहे, हे गार्डन्स क्लबच्या पुष्पप्रदर्शनाला होणाऱ्या गर्दीवरून आपण जाणताच. महिनोन्महिने खत-पाणी घालून, छाटणी करून आणलेली गुलाबाची कोवळी फूट ससा एका पहाटेत संपवतो. दुसऱ्या बाजूला, ज्या घरातला ससा गेला त्या घरातली मुले रात्री उशिरापर्यंत टॉर्च घेऊन गल्ली पालथी घालत असतात. दोघांचेही दुःख खरे आहे, आणि म्हणूनच अशा भांडणांत माघार कुणी घेत नाही.

ससा सुटतो कसा, हे सांगणे आवश्यक वाटते. बंगल्यांच्या कंपाउंड भिंतीला पावसाचे पाणी जाण्यासाठी तळाशी भोके ठेवलेली असतात आणि गेटखाली चार बोटांची फट असते. लहान सशाला तेवढी वाट पुरते. मोठा ससा माती उकरतो. उन्हाळ्यात त्याला थंड माती हवी असते, आणि विण्याच्या बेतात असलेली मादी तर बीळ केल्याशिवाय राहत नाही. हे सगळे चालते पहाटे आणि तिन्हीसांजेला, घरातल्यांचे लक्ष नसते तेव्हा. त्यात दुकानातून ‘दोन्ही माद्याच आहेत’ म्हणून आणलेली जोडी पुष्कळदा नर-मादी निघते, कारण लहान वयात सशाचे लिंग ओळखणे कठीण असते. मादी साधारण एका महिन्यात विते आणि व्यायल्यावर लगेच पुन्हा गाभण राहू शकते. दोन सशांसाठी केलेल्या जागेत वर्षाच्या आत किती ससे होतील, याची कल्पना घेणाऱ्याला कुणीच दिलेली नसते.

नुकसान झाले की पहिला वाद ‘आमचा ससा नव्हेच, घूस असेल’ इथे अडतो. खरे तर जाणकाराला जागेवर पाहून बरेच काही कळते. सशाने तोडलेला देठ धारदार चाकूने तिरका कापल्यासारखा स्वच्छ दिसतो आणि आसपास वाटाण्याएवढ्या गोल, कोरड्या लेंड्या सापडतात. घूस बिळाच्या तोंडाशी मातीचा ढीग टाकते आणि तिच्या लेंड्या लांबट असतात. शंखी गोगलगायीने पाने खाल्ली असतील तर चिकट, चकाकणारा माग राहतो. पण हे पाहायला येणारे आज कुणीच नाही. दोन्ही घरे आपापल्या म्हणण्यावर अडून राहतात आणि पुढे गाडी लावण्यावरूनही कुरबुरी सुरू होतात.

दाद मागायला जावे तर जागा सापडत नाही. १८७१ च्या गुरे अतिक्रमण कायद्यात शेळ्या-मेंढ्यांपासून हत्ती-उंटांपर्यंत जनावरे आहेत. ससा नाही, त्यामुळे कोंडवाड्याचा प्रश्नच येत नाही. वन विभागाकडे जावे तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षण दिले आहे ते रानसशाला. घरातला पांढरा ससा मुळात युरोपातून आलेल्या वेगळ्या जातीचा. पोलिस ठाण्यात फार तर अदखलपात्र नोंद होते, आणि ती झाली की शेजार कायमचा तुटतो.

मग कुणीतरी उंदराचे औषध वाफ्यात टाकतो. आमची खरी चिंता ही आहे. झिंक फॉस्फाइडसारखे विष ससा आणि मांजर ओळखत नाही, आणि तिथे खेळणारे लहान मूलही ओळखत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली प्राण्याला विष घालून मारणे हा पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. चार रोपांच्या रागातून एखादा सज्जन शेजारी आरोपी व्हावा, हे आम्हाला पाहायचे नाही. ‘मग पिंजऱ्यात कोंडून ठेवा’ हा सल्लाही चालणार नाही. हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात प्राणी ठेवणे १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे.

गावांसाठी १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. कै. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना सांगली-कोल्हापूरच्या गावागावांत बांधावरची भांडणे समितीपुढे बसून मिटली. शहरातल्या कंपाउंड भिंतीवरच्या भांडणाला अशी बैठक नाही. म्हणून आमची मुख्य मागणी अशी : गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी व ताराराणी मार्केट या चारही विभागीय कार्यालयांत पाळीव प्राण्यांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र नोंदवही ठेवावी. आरोग्य निरीक्षक, पशुसंवर्धन विभागाचे पशुवैद्यक आणि भागातील एक ज्येष्ठ नागरिक अशा तिघांनी तक्रारीपासून सात दिवसांत जागेवर येऊन फोटोसह पंचनामा करावा व दोन्ही घरांसमोर लेखी तडजोड करावी. भरपाई रोपाच्या नर्सरीतील किमतीइतकी धरावी. त्याहून जास्त कुणी मागणार नाही, असे आमच्यातल्या बागवाल्यांनी मान्य केले आहे.

दुसरे, २०१८ च्या पाळीव प्राणी विक्री दुकान नियमांत सशाचा स्पष्ट उल्लेख आहे. शहरातील दुकानांची नोंदणी तपासावी. विकताना नर-मादीची खात्री पशुवैद्यकाकडून करून घेणे आणि जागा-जाळीची माहिती देणारे मराठी पत्रक देणे दुकानदारांना बंधनकारक करावे.

सापडलेला ससा मालक मिळेपर्यंत कुठे सोपवायचा, ते ठिकाण व दूरध्वनी क्रमांक जाहीर करावा. सशांच्या नसबंदीची सोय सवलतीच्या दरात पशुसंवर्धन विभागामार्फत व्हावी. उघड्या जागी विष टाकू नये, अशी जाहीर सूचना पावसाळ्यापूर्वी द्यावी. कायमस्वरूपी नियमांसाठी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाखाली उपविधीचा मसुदा महासभेपुढे ठेवावा. त्याला वेळ लागेल याची जाणीव आहे, पण नोंदवही आणि पंचनामा आपल्या आदेशाने सुरू होऊ शकतात.

आमच्याकडून आम्ही इतके करू. ससे पाळणारी सर्व घरे भिंतीच्या भोकांना व गेटखाली एक इंचाहून बारीक जाळी लावतील, ससे फिरतात त्या जागेभोवती जाळी फूटभर जमिनीत पुरून खालची कड आतल्या बाजूला वळवतील आणि नर-मादी वेगळे ठेवतील. बागवाले शिरलेला ससा टोपलीखाली झाकून घरी कळवतील, त्याच्यावर काठी उचलणार नाहीत.

या विषयावर समक्ष चर्चेसाठी दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींना पंधरा दिवसांत वेळ द्यावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
ससे पाळणारे व बागा राखणारे रहिवासी
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)