घाबरवणारा पडदा आणि गप्प बसलेली बाई

आठ दिवस ती कुणाशी काही बोलली नव्हती. सांडोरच्या आमच्या बचतगटाचा हिशेब ठेवणारी ही मावशी. मुलाच्या लॅपटॉपवर काहीतरी शोधत असताना पडदा एकदम लाल झाला, भोंगा वाजू लागला. कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय, बंद करू नका, ताबडतोब या नंबरवर फोन करा! तिनं केला. पलीकडचा मुलगा ‘मॅडम, मॅडम’ करत गोड बोलला, एक ॲप उतरवायला लावलं आणि ‘दुरुस्ती’चे अठरा हजार घेतले.

माझ्याकडे ती पैशांसाठी आली नव्हती. “ताई, मुलाला तेवढं कळू देऊ नका,” एवढंच तिचं म्हणणं.

तो लाल पडदा म्हणजे इंटरनेटवरचं एक पान, पडदाभर पसरवलेलं. वेबसाइटला तुमच्या कॉम्प्युटरच्या आत डोकावून व्हायरस शोधता येत नाही. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. एस्केपचं बटण दाबून धरावं, नाहीतर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा. तेही जमलं नाही तर सरळ कॉम्प्युटर बंद करावा, काही बिघडत नाही. ते ॲप मात्र एनीडेस्क, टीमव्ह्यूअरच्या जातीचं असतं. ती सॉफ्टवेअरं खोटी नव्हेत, पण परक्याच्या हाती आपल्या घराची किल्ली देतात. मग तो विंडोजची नोंदवही उघडून लाल-पिवळ्या खुणा दाखवतो. धडधाकट कॉम्प्युटरमध्येही त्या असतातच!

हे दूरदेशीचे चोर, असं समजू नका. वसई रोडहून गाडीत बसलं की नायगाव, भाईंदर, मग मीरा रोड. तिथल्या कॉल सेंटरांवर ऑक्टोबर २०१६मध्ये ठाणे पोलिसांनी धाड घातली, सातशेहून जास्त जणांची चौकशी केली. अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी आहोत अशी बतावणी करून तिथल्या लोकांना अटकेची भीती घालायची, हा त्यांचा धंदा. निमित्त वेगळं, पण हत्यार तेच : भीती, घाई आणि अधिकाराचा आवाज.

आणि अधिकाराच्या आवाजापुढे मान तुकवायला आपण मुलींना लहानपणापासून शिकवतो. मग बाई फसली की ‘अडाणी’ म्हणून मोकळे होतो. मला याचा राग येतो. फसतात पुरुषही, शिकलेलेही. पण पुरुष फसला म्हणून त्याच्या हातातून कॉम्प्युटर काढून घेतलेला मी अजून पाहिलेला नाही.

या गप्प बसण्याची किंमतही मोजावी लागते. सायबर फसवणुकीची तक्रार १९३० या नंबरवर जितकी लवकर होईल, तितकी पैसे मध्येच गोठवले जाण्याची शक्यता जास्त. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकात तर स्पष्ट होतं, की गुप्त आकडा स्वतःच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, त्यानंतरचं बँकेचं. म्हणजे घरच्यांच्या बोलण्याच्या धाकानं वाया गेलेला प्रत्येक दिवस त्या चोराच्या पथ्यावर.

मावशीनं अखेर माझ्यासमोर १९३० लावला. बँकेत आम्ही दोघी गेलो, पासवर्ड बदलले, ते ॲप काढून टाकलं. पैसे अजून आलेले नाहीत. मुलाला कळलंच. लॅपटॉप आता कपाटात आहे आणि गटाचा हिशेब ‘मीच करून देतो’ म्हणतोय तो. पुढच्या बैठकीला मी त्यालाही बोलावलंय. हिशेब मावशीच मांडणार आहे, त्याच लॅपटॉपवर.