पुडीतले विकर, गोठ्यातला हिशेब

मटण लवकर शिजावे म्हणून घरची जाणती बाई त्याला कच्च्या पपईचा गर चोळून ठेवते. पपईच्या चिकात पपेन नावाचे विकर असते, ते मांसातल्या प्रथिनांची वीण सैल करते. मटकीला मोड आणले की ती पचायला हलकी होते. तीही करामत दाण्यात जाग्या झालेल्या विकरांचीच. शाळेच्या पुस्तकात 'विकर' आणि दुकानात 'एन्झाइम' म्हणून ओळखला जाणारा हा पदार्थ आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान् पिढ्या बिनबोभाट राबतो आहे. आता तो कोंबड्यांच्या खाद्यात आणि गाईम्हशींच्या गव्हाणीतही पोचला आहे. मात्र इथे तो बिनबोभाट आलेला नाही. 'दूध वाढेल, फॅट वाढेल, वासरू झपाट्याने भरेल' अशी आश्वासने छापलेल्या रंगीत पुडीतून आला आहे. त्यातली किती खरी, हा प्रश्न गोठ्यापुरता नाही. रोज सकाळी दुधाची पिशवी घेणाऱ्या आणि मुलाच्या डब्यात उकडलेले अंडे देणाऱ्या प्रत्येक घराचा तो आहे.

कोपरगावसारख्या तालुक्यात तर तो थेट पोटाचा आहे. गोदावरीच्या कालव्यांनी इथे ऊस आणला, उसाने साखर कारखाने आणले आणि साकरवाडी हे गावाचे नावच साखरेवरून पडले. पण ऊस वर्षा-दीड वर्षाने पैसे देतो, दुधाचा पगार दर दहा दिवसांनी होतो. किराणा, शाळेची फी, दवाखाना हे सारे त्या दहा दिवसांच्या पगारावर चालते. तालुक्यात गोदावरी खोरे दूध संघ उभा राहिला. १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचनला स्थापन केलेल्या 'बाएफ'ने आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठाने संकरित गाई दारोदार पोचवल्या. दूध वाढले, पण दुधाचा भाव शेतकऱ्याच्या हातात कधीच आला नाही. शेजारच्या पुणतांब्यातून १ जून २०१७ रोजी शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, तेव्हा रस्त्यावर ओतलेले दूध साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. २०२४ मध्ये सरकारला गाईच्या दुधासाठी लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यावे लागले.

भाव आपल्या हाती नसला की माणूस खर्चाकडे वळतो. दूध काढण्याच्या खर्चात निम्म्याहून कितीतरी अधिक वाटा चारा आणि पेंडीचा असतो. म्हणूनच 'तेवढ्याच खाद्यात जास्त दूध' असे कुणी म्हटले की कान टवकारतात. त्यात गैर काही नाही. पण कान टवकारण्याआधी जनावराच्या पोटात डोकावायला हवे.

कोंबडीचे पोट आणि गाईचे पोट

विकर म्हणजे एका विशिष्ट कुलपाची किल्ली. एक विकर स्टार्च फोडते, दुसरे प्रथिने, तिसरे तंतू. एकाचे काम दुसरे करत नाही. मका, सोयाबीनची पेंड, तांदळाचा कोंडा यांतला साधारण दोन-तृतीयांश फॉस्फरस 'फायटेट' नावाच्या कुलपात बंद असतो. कोंबडीकडे त्याची पुरेशी किल्ली नाही. खाद्यात असलेला फॉस्फरस विष्ठेतून तसाच बाहेर पडतो आणि हाडांसाठी व अंड्यासाठी तो वरून विकत घालावा लागतो. ज्या खनिज खडकापासून तो बनतो, त्याचा मोठा भाग आपण परदेशांतून आणतो.

१९९१ च्या सुमारास नेदरलँड्समध्ये बुरशीपासून बनवलेले 'फायटेज' विकर बाजारात आले. त्या छोट्या देशात डुकरे आणि कोंबड्या इतक्या, की त्यांच्या विष्ठेतला फॉस्फरस पाण्यात उतरून शेवाळ माजत होते. एक किलो खाद्यात फायटेजची साधारण ५०० एकके घातली की कुलूप उघडते, वरचा फॉस्फरस कमी लागतो आणि विष्ठेतूनही कमी जातो. आज जगभरच्या कुक्कुटपालनात ही रुळलेली गोष्ट आहे. गहू आणि सातूचे खाद्य असेल तर 'झायलनेज' आणि 'ग्लुकनेज' ही विकरे आतड्यातला चिकटपणा मोडतात. विष्ठा कोरडी पडते, शेडमधला ओलावा घटतो. ही विकरे बनवणारे कारखाने आता आपल्या मातीतही आहेत. कोपरगावहून नाशिककडे जाताना लागणाऱ्या सिन्नरलाच त्यांतला एक आहे.

याला आरोग्याची आणखी एक बाजू आहे. कोंबड्या लवकर वाढाव्यात म्हणून खाद्यात थोडे थोडे प्रतिजैविक घालण्याची वाईट चाल पडली होती. युरोपने २००६ पासून ती बंद केली. माणसाच्या गंभीर संसर्गात शेवटचा आधार असलेले 'कोलिस्टिन' हे औषध खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांना देण्यावर भारत सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली. औषध काढून घेतल्यावर पक्ष्याचे पचन सांभाळायला जे उपाय उरतात, त्यांत विकरे आहेत. कोंबडीच्या बाबतीत माझे मत म्हणूनच स्वच्छ आहे : योग्य विकर, योग्य मात्रेत, जरूर वापरावे.

गाईची गोष्ट वेगळी. गाय स्वतः चारा पचवत नाही, ती पचवून घेते. तिचे कोटीपोट म्हणजे शंभर लिटरहून मोठी आंबवण्याची टाकीच. त्यात असंख्य सूक्ष्मजीव राबत असतात आणि वैरणीतले तंतू फोडणारी विकरे तेच तयार करतात. फायटेटचे कुलूपही तेच उघडतात. म्हणजे ज्या किल्लीवाचून कोंबडी अडते, ती गाईच्या पोटात फुकट तयार होते. बाहेरून घातलेले विकर हे स्वतः एक प्रथिन असल्याने या टाकीतले जीव त्यालाच खाऊन टाकण्याची शक्यताही असते. तंतू फोडणाऱ्या विकरांचे गाईंवर जगभर अनेक प्रयोग झाले. कुठे दूध वाढले, कुठे काडीचा फरक पडला नाही. कोणते विकर, कोणता चारा, वेताचा कोणता काळ, यावर सारे अवलंबून. 'प्रत्येक गाईला हमखास' असे जो सांगतो, तो विज्ञानापेक्षा जास्त सांगतो.

फुकटची विकरे

मौज अशी की गोठ्यात विकरांचे काम आधीपासूनच चाललेले असते, फक्त त्यावर कंपनीचे नाव नसते. गव्हाच्या भुशावर युरियाचे पाणी शिंपडून ढीग तीन आठवडे झाकून ठेवतात. १०० किलो भुशाला ४ किलो युरिया, हे प्रमाण. त्यात 'युरिएज' विकर युरियाचा अमोनिया करते आणि अमोनिया निबर तंतू सैल करतो. मात्र प्रमाण चुकले किंवा जनावर थेट युरियाच्या पाण्याला लागले, तर ते दगावते. मुरघासात मक्याची साखर आंबून चारा टिकतो, तेही सूक्ष्मजीवांचेच काम.

विकर नेहमी भलेच करते असेही नाही. ज्वारीचे कोवळे पोंगे खाऊन जनावर तडफडते, त्याला आपल्याकडे किराळ लागणे म्हणतात. पोंग्यातला एक निरुपद्रवी पदार्थ चावताच त्याच झाडातल्या विकराशी भेटतो आणि विषारी सायनाइड सुटते. वासराचा चीक पाहा. पहिल्या काही तासांत पाजलेल्या चिकातली रोगप्रतिकारक प्रथिने पचली तर फुकट जातील. म्हणून निसर्गाने त्या चिकातच पचनाच्या विकराला अडवणारा घटक ठेवला आहे. पपईचा चीक पचवायला मदत करतो आणि गाईचा चीक पचण्यापासून वाचवतो! ज्या गोठ्यात वासराला वेळेवर पोटभर चीक मिळत नाही, तिथे वासरू भरण्याची पुडी काय करणार?

उसाच्या हंगामातले वाढे हे दुसरे उदाहरण. स्वस्त म्हणून महिनोन् महिने वाढ्यांवरच जनावरे ठेवली जातात. वाढ्यांतले ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवते. दुभत्या गाईला तेव्हा खनिज मिश्रण आणि सोबत दुसरी वैरण हवी असते. आधी चोवीस तास स्वच्छ पाणी, कुट्टी केलेला चारा, खनिज मिश्रण, मुरघास. एवढे झाल्यावर मग विकराचा विचार. पाया खचला असताना रंगाचा डबा आणून काय उपयोग?

हिशेब कसा करावा

तरीही कुणाला पुडी वापरून पाहायची असेल तर जरूर पाहावी, पण वही घेऊन. गाय व्याल्यानंतर पहिले सहा-आठ आठवडे दूध आपोआपच चढते. त्याच काळात पुडी सुरू केली की श्रेय पुडीला जाते. पाऊस पडून हिरवा चारा आला की तसेच. म्हणून सारख्या वेताच्या आणि सारख्या दिवसांच्या निम्म्या गाईंना पुडी द्यावी, निम्म्यांना देऊ नये. तीन आठवड्यांनी अदलाबदल करावी. प्रत्येक गाईचे दूध घरीच मापून लिहावे आणि फॅटसाठी डेअरीतून नमुना तपासून घ्यावा. समजा पुडीचा खर्च गाईमागे रोज १२ रुपये आणि दुधाला भाव ३० रुपये, तर रोज ४०० मिलिलिटर दूध वाढले तरच खर्च निघतो. नफा त्याच्या पुढे. हा हिशेब पाचवीतल्या मुलीला घालून द्यावा, ती बिनचूक करील.

पण सारा भार शेतकऱ्याच्या वहीवर टाकून मोकळे होता येणार नाही. पुडीवर विकराचे नाव, दर ग्रॅमला किती एकके, तयार केल्याची तारीख आणि साठवणीचे तापमान ठळक मराठीत असायला हवे. उन्हाळ्यात चाळिशीपार तापणाऱ्या पत्र्याच्या शेडमध्ये महिनाभर पडलेल्या पुडीतले विकर किती जिवंत उरते, हे कुणी तपासायचे? एकट्या शेतकऱ्याला ते शक्य नाही. दूध संघांना, कृषी विद्यापीठाला, पशुसंवर्धन खात्याला शक्य आहे. संघ दुधातली भेसळ तपासतो. सभासदाला विकल्या जाणाऱ्या खाद्यातल्या दाव्यांचीही तपासणी त्याने करावी आणि निकाल डेअरीच्या फळ्यावर लावावा. सहकार दूध गोळा करण्यापुरता नव्हता. एकट्याला न परवडणारे ज्ञान सगळ्यांनी मिळून परवडवून घेणे, हेही त्याचेच काम होते.

विकर ही भोंदूगिरी नाही आणि चमत्कारही नाही. ती योग्य कुलपाला लागणारी नेमकी किल्ली आहे. किल्ली विकणाऱ्याला 'कोणत्या कुलपाची?' एवढे विचारण्याचा हक्क, आणि त्याचे खरे उत्तर, दहा दिवसांच्या पगारावर घर चालवणाऱ्याला मिळालेच पाहिजे.