तक्रारीनंतरची पायरी

भ्रमणध्वनी कंपनीकडे तक्रार नोंदविताच ग्राहकास एक क्रमांक मिळतो. तो टिपून ठेवण्याची तसदी फार थोडे घेतात. घोडे पेंड खाते ते येथेच! तक्रारीचे समाधान न झाल्यास त्या क्रमांकाच्या आधारे, २०१२ च्या विनियमांनुसार, कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत विनाशुल्क दाद मागता येते व तिचा निकाल ३९ दिवसांत लागावयास हवा. दूरसंचार नियामक प्राधिकरण वैयक्तिक गाऱ्हाण्यांचा निवाडा करीत नाही. ग्राहक न्यायालयाचे दार सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये जुन्या तार कायद्याकडे बोट दाखवून बंद केले होते. २०२२ मध्ये त्यानेच ते उघडले. परंतु पन्नास रुपयांच्या गैरवाजवी वजावटीसाठी कारकुनाने रजा टाकून तेथे जावे काय? तेव्हा तक्रारीच्या क्रमांकासोबतच अपिलाचा पत्ताही ग्राहकाच्या हाती पडावयास हवा.